सगळं धरून किती?



गेल्या वर्षी आम्ही नऊजणी एका प्रशिक्षणासाठी जिल्ह्याच्या गावी गेलो होतो. दुपारी दोन वाजता सुटलो तेव्हा पोटात कावळे ओरडत होते. रस्त्यालगत एक बरं हॉटेल दिसलं. दारातच मोठा फळा लावलेला होता : 'स्पेशल थाळी १८० रुपये'. आमच्यातल्या काकूंनी उभ्याउभ्याच हिशेब केला. नऊ थाळ्यांचे सोळाशे वीस. गटाच्या खर्चातले अठराशे हाताशी होते. म्हणाल्या, "चला, चहासुद्धा होईल." आम्ही आत गेलो, जेवलो. जेवण चांगलं होतं, खोटं कशाला बोला. मग बडीशेपेच्या वाटीखाली दडपून बिल आलं. २१०२ रुपये.

काकूंना वाटलं, दुसऱ्या टेबलाचं आलं. पण नाही, आमचंच होतं. थाळ्यांचे १६२०. पाण्याच्या पाच बाटल्यांचे २००. बाटलीवर छापलेली किंमत २० होती, लावली होती ४०. बरं, बाटल्या आम्ही मागितल्याच नव्हत्या, बसताक्षणी वेटरने झाकणं फोडून समोर ठेवल्या होत्या. त्याखाली 'सेवा शुल्क १० टक्के', म्हणजे १८२ रुपये. आणि या सगळ्याच्या बेरजेवर ५ टक्के जीएसटी, १०० रुपये १० पैसे. वरचे दहा पैसे तेवढे त्यांनी सोडले.

आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे पाहिलं. एक म्हणाली, "विचारू या का?" दुसरी म्हणाली, "जाऊ दे गं, चारचौघांत कुठे वाद घालायचा? म्हणतील, खेड्यातल्या बायका, पैसे नव्हते तर आल्या कशाला." मग पदराच्या गाठी सुटल्या, पाकिटं उघडली. धाकटीने पोराच्या वह्यांसाठी ठेवलेले शंभर काढून दिले. कमी पडलेले तीनशे दोन रुपये असे जमा झाले आणि आम्ही बाहेर पडलो. परतीच्या एसटीत बराच वेळ कुणी बोललं नाही. पैसे गेले त्याहून, आपण नऊजणी असून तोंड उघडलं नाही, हे जास्त लागलं होतं.

त्या दिवसापासून आम्ही हा विषय धरून बसलो. दारात एक भाव आणि बिलात दुसरा, ही रीत आली कुठून? आणि ती थोपवायला आधी कुणी काही केलं की नाही? शोधायला लागलो तर मोठाच इतिहास निघाला. त्यात आपल्यासारख्या बायकाही निघाल्या. तोच आज सांगायचा आहे.

सुरुवात खानावळीपासून करू. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेले हजारो कामगार एकेका खोलीत दाटीवाटीने राहायचे. बायकामुलं गावाकडे. त्यांच्या जेवणाची सोय करायच्या त्या खानावळवाल्या बायका. दहा-वीस जणांचा दोन वेळचा स्वयंपाक आपल्या छोट्या घरात रांधायचा आणि पगार झाला की महिन्याचे पैसे घ्यायचे. तिथे फळा नव्हता, छापील कार्ड नव्हतं. महिन्याचा आकडा तोंडी ठरायचा आणि तो दोन्ही बाजूंना पाठ असायचा. डाळ महागली म्हणून महिन्याच्या मध्येच वरचे दोन रुपये मागायची सोय नव्हती. ती झळ बाईच्याच अंगावर यायची. किराणा उधारीवर, आणि उधारीला व्याज. या खानावळवाल्यांना बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, ते याच ओढाताणीतून. पण आज आपल्याला त्यातून एवढंच घ्यायचं आहे : जेवण विकणाऱ्या बाईने एकदा आकडा सांगितला की तो महिनाभर तिला बांधून ठेवायचा.

त्याच शहरात इराण्यांची हॉटेलं होती, पुढे उडुप्यांची आली. माटुंग्याचं रामा नायकांचं उडुपी भोजनालय १९४२ सालचं. अशा हॉटेलांतून भावाचा फळा भिंतीवर असायचा, सगळ्यांना दिसेल असा. पुष्कळ ठिकाणी गिऱ्हाईक उठलं की वेटर तिथूनच गल्ल्याकडे ओरडून रक्कम सांगायचा. सगळ्या हॉटेलाला ऐकू जायची. कुठे आधी पैसे भरून कूपन घ्यायचं आणि मगच ताटावर बसायचं. म्हातारी माणसं या गोष्टी गमतीने सांगतात, पण त्यातली सोय बघा. कूपन घेतलं तेव्हाच खर्च संपला. जेवताना मनात हिशेब नाही. जादा पुरी किंवा जादा भाजी घेतली तर तिचाही भाव फळ्यावर. लुबाडणारे तेव्हाही असतीलच. पण लुबाडायचं तर सगळ्यांसमोर लुबाडावं लागत होतं.

आता जरा किराणा दुकानाकडे वळू या. हॉटेलाच्या भावाची गोष्ट तिकडूनच पुढे सरकते.

१९७२ चा दुष्काळ आपल्यातल्या थोरल्यांना आठवत असेल. खडी फोडायला गेलेल्या बाया, मिलोचे दिवस. धान्य, तेल, साखर, रॉकेल, सगळ्याचा तुटवडा आणि सगळ्याचे भाव चढलेले. त्या वेळी मुंबईत वेगवेगळ्या पक्षांच्या बायका एकत्र आल्या आणि महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यामागे घराघरांतून बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. थाळ्या बडवल्या. ते लाटणं मोर्चे पुढे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक झाले. भाव हा राजकारण्यांनी आणि व्यापाऱ्यांनी ठरवायचा आणि बाईने निमूट मोजायचा, ही समजूत त्या लाटण्यांनी मोडली.

त्याच सुमाराला, १९७४ साली, पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत सुरू केली. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत आली. शेजारपाजारच्या घरांनी मिळून महिन्याचा माल एकत्र घ्यायचा, वजन तपासायचं, भाव विचारायचा. या कामात बायका पुढे होत्या, कारण घरातला डबा किती दिवस पुरतो हे त्यांनाच कळत होतं.

मग कायदे आले. १९७७ साली वेष्टनबंद मालाचे नियम झाले. पुड्यावर वजन, किंमत, बनवणाऱ्याचं नाव छापणं आलं. पण या नियमात एक फट राहिली होती, आणि आपल्या आजच्या विषयासाठी ती फार महत्त्वाची आहे. कंपनीला दोन्ही मुभा होत्या. सगळे कर धरून किंमत छापा, नाहीतर नुसती किंमत छापून पुढे 'स्थानिक कर वेगळे' असं लिहा. आता स्थानिक कर किती, हे साबणाची वडी घ्यायला आलेल्या बाईला कुठून कळणार? दुकानदार सांगेल तो कर. कित्येक दुकानदार खऱ्या करापेक्षा जास्तच घ्यायचे आणि वरचा फरक खिशात जायचा. वर्षानुवर्षं ओरड झाली, तेव्हा १९९० साली नियम बदलला. सगळे कर धरून जास्तीत जास्त किरकोळ किंमत, ज्याला आपण एमआरपी म्हणतो, ती छापणं सक्तीचं झालं. 'वेगळे' हा शब्द गेला. त्या एका शब्दाच्या आड किती पैसा लपला होता, ते तो गेल्यावर समजलं.

मैत्रिणींनो, हा 'वेगळे' शब्द लक्षात ठेवा. तो पुड्यावरून गेला, पण हॉटेलात जाऊन बसला.

हॉटेलाची भानगड अशी की तिथे पुडा नाही. भात पुड्यात येत नाही, ताटात येतो. मग ताटाचा भाव कुठल्या कायद्याने बांधायचा? त्याहून मूळ प्रश्न असा, की हॉटेलवाला आपल्याला जेवण विकतो की आपली सेवा करतो? ऐकायला पोरखेळ वाटेल, पण या प्रश्नावर देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा डोकं घातलं आहे. आपल्या बिलावरची प्रत्येक जादा ओळ या प्रश्नाच्या पोटातून आलेली आहे.

१९७८ साली दिल्लीतल्या एका हॉटेल कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की हॉटेलात बसून जेवणाऱ्याला जेवण वाढणं ही विक्री नव्हे, ती सेवा आहे. आधाराला जुना विलायती कायदेविचार घेतला होता. पाहुण्याला पुढ्यातलं खायचा हक्क असतो, पण ताटात उरलेलं त्याच्या मालकीचं नसतं, ते तो घरी नेऊ शकत नाही. मग विक्री कुठली? आज आपण उरलेला पुलाव हक्काने पिशवीत भरून आणतो, तेव्हा या युक्तिवादाचं हसू येतं. पण त्याचा परिणाम मोठा होता. विक्री नाही म्हटल्यावर विक्रीकरही नाही. राज्य सरकारांचं उत्पन्न बुडालं. तेव्हा १९८२ साली घटनेतच ४६वी दुरुस्ती केली आणि हॉटेलात वाढलेल्या जेवणावर विक्रीसारखा कर लावायची मुभा राज्यांना दिली.

पुढे २०११ साली केंद्र सरकार म्हणालं, जेवणात सेवाही आहे ना, मग तिच्यावर सेवा कर. आधी दारूचा परवाना असलेल्या वातानुकूलित हॉटेलांवर, मग २०१३ पासून वातानुकूलित असलेल्या सगळ्यांवर. म्हणजे एकाच ताटावर राज्याचा कर वेगळा आणि केंद्राचा वेगळा. बिल लांबलं. खाली तीन-चार ओळी आल्या, प्रत्येकीपुढे टक्के. आणि त्याच गर्दीत आणखी एक ओळ आपली वाटते तशी उभी होती : 'सेवा शुल्क'.

नीट ऐका. सेवा कर हा सरकारचा होता, सरकारी तिजोरीत जाणारा. सेवा शुल्क हॉटेलमालकाचं, त्याच्याच गल्ल्यात जाणारं. नावं इतकी सारखी, की शिकलेली माणसंही फसली. मोठ्या हॉटेलांत पूर्वीपासून बक्षिसीऐवजी बिलातच १० टक्के धरायची रीत होती. ती हळूहळू मधल्या हॉटेलांत उतरली आणि लोकांनी तिला सरकारी कर समजून मुकाट्याने भरलं. आम्ही नऊजणींनीही तेच समजून भरलं. 'सेवा' शब्द दिसला, टक्के दिसले, वाटलं सरकारचंच असणार.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला. सेवा कर गेला, जुना विक्रीकर गेला. सुरुवातीला साध्या हॉटेलात १२ टक्के, वातानुकूलित हॉटेलात १८ टक्के होता. १५ नोव्हेंबर २०१७ पासून बहुतेक सगळ्या हॉटेलांना ५ टक्के झाला. मोठी तारांकित हॉटेलं तेवढी वगळली. इतर ओळी गेल्या, पण सेवा शुल्काची ओळ गेली नाही. ती कर कधी नव्हतीच, मग कराबरोबर जाणार कशी?

त्याच वर्षी, १२ डिसेंबर २०१७ ला, सर्वोच्च न्यायालयाचा आणखी एक निकाल आला, पाण्याच्या बाटलीचा. हॉटेलवाल्यांची संघटना आणि वजनमापं खातं यांच्यात दिल्लीच्या उच्च न्यायालयात कित्येक वर्षं वाद चालला होता. खात्याचं म्हणणं, बाटलीवर २० छापलेत तर २०च घ्या. हॉटेलवाल्यांचं म्हणणं, गिऱ्हाईक नुसती बाटली घ्यायला येत नाही. तो टेबलावर बसतो, पंख्याखाली किंवा थंड हवेत बसतो, पेला मागतो. न्यायालयाने हॉटेलवाल्यांचं ऐकलं. हॉटेलात बसणाऱ्याला बाटली देणं ही नुसती विक्री नाही, सेवेचा भाग आहे, म्हणून छापील किमतीपेक्षा जास्त घेतल्याबद्दल वजनमापांच्या कायद्याखाली त्यांना शिक्षा करता येणार नाही, असा तो निकाल. १९७८ सालचा तोच जुना प्रश्न, पाण्याच्या बाटलीत भरून परत आला.

हे ऐकून आमच्यातल्या काहीजणी चिडल्या. "म्हणजे लुबाडायला परवानाच मिळाला की!" आम्हीही आधी तसंच म्हणालो. पण शांतपणे पाहिलं तर निकालाने हॉटेलाला बाटलीचा स्वतःचा भाव ठरवायची मोकळीक दिली. तो भाव गिऱ्हाइकापासून लपवायची मोकळीक त्यात कुठेही नाही. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ सालीच आला होता. २००२ च्या दुरुस्तीनंतर आणि आता २०१९ च्या नव्या कायद्यातही, कायद्याने लावायला सांगितलेल्या दरपत्रकापेक्षा किंवा दोघांत ठरलेल्या भावापेक्षा जास्त घेतलं, तर ती तक्रारीची गोष्ट आहे. कार्डावर 'पाणी ४० रुपये' असं लिहिलंय आणि आपण वाचून मागवलं, तर ४० द्यावे लागतील. परवडत नसेल तर साधं पाणी मागावं. पण कुठेच लिहिलेलं नाही, आपण मागितलंही नाही आणि बिलात ४० आले, तर तो भाव ठरला कधी आणि कुणात?

आता सेवा शुल्काचं काय झालं ते सांगतो. २१ एप्रिल २०१७ ला केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने मार्गदर्शक सूचना काढल्या. कार्डावरचा भाव अधिक सरकारी कर, एवढ्याच पैशांना गिऱ्हाइकाची संमती आहे असं समजा. सेवा शुल्क ऐच्छिक आहे, बिलात ती जागा कोरी सोडा आणि द्यायचं असेल तर गिऱ्हाईक आकडा भरेल. किती साधी गोष्ट! पण पुष्कळ हॉटेलांनी ती कानाआड केली. जागा कोरी राहिली नाही, १० टक्के छापूनच येत राहिले.

मग ४ जुलै २०२२ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने आणखी कडक भाषेत सांगितलं. सेवा शुल्क बिलात आपोआप जोडायचं नाही. दुसऱ्या नावाने घ्यायचं नाही. द्यायला भाग पाडायचं नाही, ऐच्छिक आहे हे गिऱ्हाइकाला सांगायचं. देत नाही म्हणून आत येऊ न देणं किंवा सेवा नाकारणं चालणार नाही. आणि जेवणाच्या बिलात ते मिळवून त्या बेरजेवर जीएसटी लावायचा नाही. आमचं बिल आठवा. त्यात १८२ आपोआप जोडले होते आणि वर त्यावर करही लावला होता.

हॉटेलमालकांच्या दोन देशव्यापी संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि त्याच महिन्यात या सूचनांना स्थगिती मिळाली. पावणेतीन वर्षं ती तशीच राहिली. शेवटी २८ मार्च २०२५ ला न्यायमूर्ती प्रतिभा सिंह यांनी संघटनांच्या याचिका फेटाळल्या. सक्तीने सेवा शुल्क घेणं कायद्याला धरून नाही आणि लोकांना हा सरकारी करच वाटतो, म्हणून ते दिशाभूल करणारं आहे, असं त्यांनी म्हटलं. दोन्ही संघटनांना एकेक लाख रुपये भरायला लावले. त्यावर पुढे अपील झालं, कज्जा लांबला. पण गिऱ्हाइकाला खुशीने द्यायचं असेल तर देऊ दे, जबरदस्ती नको, ही गोष्ट एका उच्च न्यायालयाने इतक्या स्पष्ट शब्दांत सांगितली.

आता दुसरी बाजू ऐकू या. ती ऐकल्याशिवाय बोलणं बरं नव्हे, कारण आपल्यातल्याच किती बायका खानावळी चालवतात, डबे देतात, पोळीभाजी केंद्रं चालवतात. आमच्या एका वहिनींची बसस्थानकासमोर खानावळ आहे. त्यांना विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "मोठ्या हॉटेलवाल्यांचं अगदीच खोटं नाही. भाडं आहे, गॅस आहे, पोरांचे पगार आहेत. ते म्हणतात, सेवा शुल्क सगळ्या नोकरांत वाटतो, भटारखान्यात राबणाऱ्यालाही मिळतं, नाहीतर टीप फक्त वेटरला मिळते. पण मग हा खर्च थाळीच्या भावात का धरत नाहीत?"

आणि त्याचं उत्तर वहिनींनीच दिलं. २०२२ साली युक्रेनची लढाई सुरू झाली आणि सूर्यफुलाचं तेल कडाडलं, तेव्हा त्यांनी महिन्याच्या पहिल्या तारखेला फळ्यावरचा ७० पुसून ८० लिहिला. शेजारच्याने फळ्यावर ७०च ठेवले, पण जादा पोळी, लोणचं, पापड, सगळ्याला बिलात वेगळे पैसे लावायला लागला. दोन आठवडे वहिनींची अर्धी गिऱ्हाइकं तिकडे गेली. "माझा ऐंशीचा फळा बघून पुढे जायची आणि तिकडे नव्वद देऊन बाहेर पडायची," त्या सांगत होत्या. "मला वाटलं, खरं लिहिलं हीच चूक झाली."

मैत्रिणींनो, आम्हाला या सगळ्या इतिहासातलं मर्म वहिनींच्या या वाक्यात सापडलं. बिलात मागाहून पैसे जोडणारा गिऱ्हाइकाला तर फसवतोच, पण खरा भाव लिहिणाऱ्या शेजाऱ्याचाही धंदा खातो. दारातला कमी आकडा हे त्याचं आमिष असतं. प्रामाणिक बाई फळ्यावर हरते आणि दुसरा बिलात जिंकतो. म्हणून लिहिलेला भाव पाळला जावा, हे गिऱ्हाइकाइतकंच विकणारीच्याही हिताचं आहे. १९९० साली पुड्यावरून 'स्थानिक कर वेगळे' गेलं तेव्हा सरळ दुकानदाराचं नुकसान झालं नाही, उलट त्याचं बरंच झालं. फसवणाऱ्याची आणि त्याची किंमत पहिल्यांदा एका रेषेत आली.

वहिनींनी आणखी एक गोष्ट शिकवली. त्यांची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत आहे, म्हणून त्यांना जीएसटीची नोंदणी लागत नाही आणि म्हणून त्या गिऱ्हाइकाकडून जीएसटी घेऊच शकत नाहीत. त्यांच्याहून मोठी पण मध्यम हॉटेलं कित्येकदा 'कंपोझिशन' नावाच्या सोप्या योजनेत असतात. दीड कोटीपर्यंतची उलाढाल असलेल्यांसाठी ती आहे. या योजनेतला हॉटेलवाला ५ टक्के कर आपल्या खिशातून भरतो, गिऱ्हाइकाकडून वेगळा घेत नाही, आणि तसं बिलावर लिहिणं त्याच्यावर बंधनकारक आहे. म्हणून जीएसटी लावलेला दिसला की बिलाच्या डोक्याशी पंधरा अक्षरा-आकड्यांचा नोंदणी क्रमांक आहे का, ते पाहावं. क्रमांकच नसेल तर कर कुणाच्या नावावर जमा होणार, असं विचारायला हरकत नाही.

आता आमचं ते बिल पुन्हा काढतो. सेवा शुल्काचे १८२ आणि त्यावरचा कर ९ रुपये १० पैसे, असे १९१ रुपये १० पैसे काढून टाकायला आम्ही सांगू शकत होतो. मग बिल १९११ झालं असतं. बाटल्या झाकण फुटायच्या आधीच परत केल्या असत्या, तर १६२० अधिक ५ टक्के कर, म्हणजे १७०१. हाताशी अठराशे होते. काकूंचा हिशेब बरोबर होता आणि चहासुद्धा झाला असता. धाकटीचे शंभर रुपये वह्यांसाठी राहिले असते.

करायचं काय, ते थोडक्यात सांगतो. बसण्याआधी कार्ड मागायचं. बाटली समोर आली की झाकण उघडू न देता "साधं पाणी द्या" म्हणायचं. बिल आलं की शेवटच्या आकड्याच्या आधी मधल्या ओळी वाचायच्या. सेवा शुल्क दिसलं तर सांगायचं, "दादा, हे ऐच्छिक आहे, आम्हाला द्यायचं नाही, काढून द्या." वाढणाऱ्या पोराचं काम आवडलं तर त्याच्या हातावर आपल्या खुशीने दहा-वीस ठेवावेत, ते त्याला पोचतील. ऐकलं नाही तर बिल जपून ठेवायचं आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करायचा. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क लागत नाही आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. दोनशे रुपयांसाठी कोण आयोगात जाणार, हे खरं आहे. पण निदान विचारण्याला तरी पैसे पडत नाहीत.

मध्यंतरी आम्ही पुन्हा त्याच गावी गेलो होतो. या वेळी सातजणी होतो. दुसऱ्या हॉटेलापाशी थांबलो. दारात फळा होता, थाळी १६० रुपये. काकू पुढे झाल्या आणि गल्ल्यावरच्या माणसाला सरळ विचारलं, "थाळी एकशे साठ, ते सगळं धरून किती?" बाजारात भाजीवाल्याला, भांडीवाल्याला, साडीवाल्याला आपण जन्मभर हेच विचारत आलो. हॉटेलात विचारायला तेवढं विसरलो होतो. तो माणूस जरा गडबडला, मग म्हणाला, "जीएसटी धरून एकशे अडुसष्ट. बाकी काही नाही, मावशी."

"आणि पाणी?"

"पाणी जगमध्ये आहे की. बाटली मागितली तरच बाटली."

आम्ही बसलो. सातजणींचं बिल ११७६ रुपये आलं, जेवढं सांगितलं होतं तेवढंच. धाकटीने वाढणाऱ्या पोराच्या हातावर वीस रुपये ठेवले.

पुढच्या वेळी तुम्हीही दारातच विचारून पाहा आणि काय उत्तर मिळालं ते आम्हाला कळवा. नमस्कार.